एक्कावन्नाव्या पानावरची टिकली

"रडायचं काय देऊ नका हं, बाई. हसायचं द्या. घरात आजारी माणूस हाय."

काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने असं म्हणून बायकोचा पास माझ्यासमोर ठेवला. अंगात खाकी कोट, डोक्यावर गांधी टोपी. तळहात इतके रुंद की पास त्यात दिसतच नव्हता. पासावर नाव होतं, हौसाबाई महादेव चौगुले.

"या बाई स्वतः येत होत्या ना? जाड भिंगाचा चष्मा?" मी विचारलं.

"व्हय, तीच. आता कंबरेपास्नं उठता येत न्हाई तिला. मी महादेव. यष्टीत डायवर हुतो, रिटायर झालो. मला पुस्तकातलं काय कळत न्हाई. तुमी द्याल ते नेतो."

तुम्ही द्याल ते नेतो! गडहिंग्लजच्या आमच्या वाचनालयात चार वर्षं काढली होती मी, पण असं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि रा. गो. अंबपकर या लेखकाच्या बाबतीत साफ वेडी होते. अंबपकरांच्या नऊ कादंबऱ्या आमच्याकडे होत्या. नऊच्या नऊ खिडकीजवळच्या कपाटात धूळ खात पडलेल्या. येईल त्याच्या गळ्यात मी त्या मारायला बघायची आणि लोक रहस्यकथा घेऊन पसार व्हायचे. आमचे ग्रंथपाल इनामदार सर मला म्हणायचेसुद्धा, "कुंदा, त्या माणसाला तू एकटीच वाचणार आहेस. दुसरं गिऱ्हाईक शोधू नकोस."

त्या शनिवारी ते गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं होतं. मी उठले आणि 'गाढवाची साक्ष' काढून महादेवमामांच्या हातात दिली. एका खुनाच्या खटल्यात गाढव हा एकमेव साक्षीदार असतो आणि वकील त्याची उलटतपासणी घेतो, अशी ती कादंबरी. पहिल्यांदा अंबपकर वाचणाऱ्याला हीच द्यायची, हा माझा नियम होता.

पुढच्या शनिवारी मामा ती परत घेऊन आले. मी हनुवटी तळहातांवर टेकवून विचारलं, "मग? मामी काय म्हणाल्या?"

मामा जरा लाजले. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं एका दमात म्हणाले, "सगळ्या कोर्टात गाढवच तेवढं खरं बोललं, म्हणती. आणि ह्याच माणसाचं दुसरं हाय का बघा, म्हणती."

मला इतका आनंद झाला की मी इनामदार सरांच्या टेबलापर्यंत जाऊन ते सांगून आले.

पुस्तक जागेवर ठेवताना सवयीने एक्कावन्नावं पान उघडलं. आमच्याकडे प्रत्येक जुन्या वाचकाची एक खूण असे. शेकड्यांनी पुस्तकं वाचलेली माणसं, नावं लक्षात राहत नाहीत, मग वाचून झालेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून कुणी एकविसाव्या पानावर आद्याक्षर टाकी, कुणी शेवटच्या पानाचा कोपरा दुमडी. 'पुस्तकांवर खुणा करू नयेत' अशी पाटी भिंतीवर होती आणि त्या पाटीखालीच उभं राहून लोक आपापली खूण शोधत. हौसाबाईंची खूण एक्कावन्नाव्या पानावर असायची. छोटी, मरून रंगाची टिकली. तीही नवी नव्हे, कपाळावरची काढलेली. डिंक सुकलेला, कडेला कापसाचा तंतू चिकटलेला. पुस्तक संपल्याशिवाय त्या ती लावत नसत. कितीतरी पुस्तकांत मी ती पाहिली होती आणि सरांच्या नजरेतून चुकवली होती. 'गाढवाची साक्ष'मध्येही ती आता दिमाखात बसली होती.

मग आमची गाडी चालू लागली. मी 'पावणेदोनची पेठ' दिली. गावातलं मनोऱ्याचं घड्याळ पावणेदोनला बंद पडतं आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा गाव त्याच वेळेवर चालायचं ठरवतं, त्यामुळे तिथली दुपारची झोप कधी संपतच नाही. मामींनी निरोप पाठवला, "अशा गावात मला सून म्हणून द्यायला पायजे हुतं." त्यानंतर दिली 'अर्धा पाहुणा'. दोन भाऊ घरात मधोमध भिंत घालतात, भिंत नेमकी पाहुण्याच्या खाटेवरून जाते आणि आपण कुणाकडे आलोय हे न कळल्याने तो पाहुणा अकरा वर्षं राहतो. त्यावर तर मामींनी मलाच प्रश्न धाडला. पाहुणा जेवायचा कुठल्या बाजूला, ते लेखकानं लिवलंच न्हाई, तेवढं बाईंना इचारा. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि चिठ्ठी लिहून दिली, 'सणाला दोन्हीकडे, एरवी कुठेच नाही.' मामा म्हणाले, चिठ्ठी वाचून ती इतकी हसली की पाठीत उसण भरली.

मला स्वतःची मैत्रीण नव्हती असं नाही. पण मी जे वाचते तेच वाचून मला उलटा प्रश्न विचारणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. ते भेटलं, तेही नदीपलीकडच्या एका खेड्यात खाटेवर पडलेलं. शनिवारी मी साडीसुद्धा बरी नेसून यायला लागले होते.

आणि मग मी ते केलं.

अंबपकरांची चौथी कादंबरी 'मीठ'. तिच्यात हसण्यासारखी एक ओळ नाही. मिठागरावर राबणाऱ्या एका आईचा मुलगा होडीतून जातो आणि येत नाही. ती रोज त्याचं ताट वाढते. सगळं वाढते, फक्त मीठ वाढत नाही. कारण त्याला वरून मीठ लागायचं आणि तो आला की मागेल, त्याचा आवाज ऐकू येईल. एवढीच ती गोष्ट. ती वाचून मी कॉलेजात असताना दोन दिवस जेवले नव्हते. 'मीठ' वाचल्याशिवाय अंबपकर वाचले असं म्हणताच येत नाही, असं माझं ठाम मत होतं आणि मामींनी ते वाचून काय म्हटलं हे ऐकायला मी उतावीळ झाले होते. त्यांना काय हवंय हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मी बाजूला ठेवलं.

मामांनी मुखपृष्ठ न्याहाळलं. "मीठ? सैपाकाचं हाय का हे?"

"गमतीचं आहे," मी म्हणाले.

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, हे मला आजही खुपतं. मामांनी पुस्तक कोटाच्या आत घातलं आणि ते साडेबाराची गाडी पकडायला गेले. भाद्रपद सरत आला होता.

पुढच्या शनिवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दसरा झाला. मी दाराकडे बघत बसायची आणि मनातल्या मनात एकच उजळणी करायची. बाईंनी पुस्तक वाचलं, त्यांना फार लागलं, दुखणं वाढलं, आणि मामा आता आपलं तोंड बघणार नाहीत. इनामदार सर म्हणाले, "वसुलीचं पत्र टाकू का चौगुल्यांना?" मी म्हटलं, नको, येतील.

चौथ्या शनिवारी ते आले. थकलेले दिसत होते. टोपी डोक्यावर सैल बसली होती, कानांपर्यंत उतरलेली. त्यांनी 'मीठ' काउंटरवर ठेवलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. पण मला धीर कुठला! मीच आधी सुरू झाले.

"मामा, मामी रडल्या का हो? मी चुकले. ते पुस्तक गमतीचं नव्हतं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी दिलं. त्यांना त्रास झाला का माझ्यामुळे? खरं सांगा."

बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "न्हाई, न्हाई. त्रास कशाचा? आवडलं तिला."

"आवडलं?"

"व्हय. आवडलं, म्हणती. दुसरं द्या."

मी ओलं तोंड पदराने पुसलं आणि हसत एक्कावन्नावं पान उघडलं. टिकली होती. आणि या वेळची टिकली ताजी कोरी होती, पाकिटातून नुकतीच काढलेली, डिंक घट्ट, कडा स्वच्छ. मी मनात म्हटलं, वा! म्हणजे मामी आता आरशासमोर बसून नवी टिकली लावण्याइतक्या बऱ्या झाल्या. माझ्या पुस्तकाने नुकसान तर झालं नाहीच, उलट गुण आला. मी इतकी हुरळले होते की त्या दिवशी मामांना चहा पाजला.

त्या हिवाळ्यात मी त्यांना उरलेले अंबपकर एकेक करून देत गेले. आता एका पुस्तकाला महिना लागू लागला होता, पण मामा मधल्या शनिवारीसुद्धा यायचे. पुस्तक अर्धं झालंय, असं सांगायचे आणि कुठवर आलंय तेही सांगायचे. मामींचे निरोपही जरा बदलले होते. 'खोटं गाव' नावाच्या कादंबरीत मोजणीदाराच्या हातून नकाशावर एक गाव जास्त काढलं जातं, मग सरकार तिथं शाळा मंजूर करतं, तलाठी नेमतं आणि शेवटी नाइलाजाने माणसं जाऊन राहतात. त्यावर मामींचा प्रश्न आला, "त्या गावाला यष्टी कुठल्या डेपोची जाती?"

मी पोट धरून हसले. मामाही हसले. म्हणाले, "तिला तेवढंच पडलंय बगा. घाटातनं जात असंल तर मुक्कामी गाडी लागंल, म्हणती."

दुसऱ्या एका कादंबरीत सगळी गोष्ट एक पोस्टकार्ड सांगतं, चुकीच्या पत्त्यांवर फिरत राहिलेलं. त्यावर मामी म्हणाल्या, टपालाची पिशवी डायवरच्या पायाशी असती, पोस्टमनला काय माहीत? मला वाटलं, बाईंनी नवऱ्याबरोबर जन्म काढलाय, बोलण्यात येणारच. प्रत्येक पुस्तकात एक्कावन्नाव्या पानावर नवी टिकली. प्रत्येक वेळी मी ती बोटाने दाबून बघायची आणि खूश व्हायची. 'शेजाऱ्याचं स्वप्न' हे आठवं. त्यातल्या माणसाला स्वतःची स्वप्नं कधी पडतच नाहीत, शेजाऱ्याची पडतात. ते मामांनी नेलं आणि ते परत यायच्या आठवड्यात कांबळे गुरुजी आमच्याकडे सभासद व्हायला आले.

गुरुजींची त्या वर्षीच बदली झाली होती. फॉर्मवर त्यांनी शाळेचं गाव लिहिलं आणि मी लगेच म्हणाले, "अहो, आमच्या सगळ्यात चांगल्या वाचक तुमच्या गावच्या आहेत. हौसाबाई चौगुले. त्यांना माझा नमस्कार सांगा."

गुरुजींनी पेन थांबवलं. "ड्रायव्हर चौगुल्यांच्या मंडळी? त्या तर वारल्या की. मी तिथं रुजू झालो त्याच आठवड्यात. घटस्थापनेच्या आदल्या मंगळवारी. म्हातारा एकटाच आहे आता. मूलबाळ म्हणजे एक मुलगी, ती इस्लामपूरला. मुंडण करून पाणीसुद्धा त्यानंच दिलं."

मी फॉर्म घेतला, शिक्का मारला, पास दिला. गुरुजी गेल्यावर मी खिडकीजवळच्या कपाटापाशी जाऊन अंबपकर काढले आणि जमिनीवर बसून एकेकाचं एक्कावन्नावं पान उघडलं. पहिल्या तीन पुस्तकांत सुकलेल्या, वापरलेल्या टिकल्या. 'मीठ'पासून पुढे कोऱ्या. कोऱ्या टिकल्या बऱ्या झालेल्या बाईच्या नव्हत्या. मागे राहिलेल्या पाकिटातल्या होत्या. सैल झालेली टोपी मला आठवली, तिच्याखाली केस नव्हते म्हणून ती सैल होती. मुक्कामी गाडीचा प्रश्न कुणाचा होता तेही कळलं. मी तिथंच तोंडात पदर कोंबून रडले. सरांनी विचारलं तर धुळीचं निमित्त सांगितलं.

शनिवारपर्यंत मी एक गोष्ट पक्की ठरवली. कळलंय हे मामांना कळू द्यायचं नाही. या माणसाची बायको आता सगळ्या जगात फक्त माझ्या काउंटरवर जिवंत होती, तीही शनिवारी, अर्धा तास. ती मी तशीच ठेवणार होते. नववी कादंबरी काढून मी समोर ठेवली. ती संपल्यावर काय, हा विचार मी केला नव्हता असं नाही. दुसरा लेखक शोधू, म्हटलं. जन्मभर पुरतील एवढी पुस्तकं आहेत.

मामा अकराच्या गाडीने आले. 'शेजाऱ्याचं स्वप्न' ठेवलं. मी कार्ड काढलं, तारखेचा शिक्का उचलला आणि ठरवल्याप्रमाणे, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग? मामी काय म्हणाल्या?"

मी कार्डावर शिक्का मारला. दुसऱ्यांदा मारला. मग वर बघितलं.

"कुणी सांगितलं तुमाला?" मामा म्हणाले.

"काय?"

"बाई, रोज तुमी दोनी हातांवर तोंड ठेवून इचारता. माझ्याकडं बघून इचारता. आज खाली बघून इचारलासा."

"कांबळे गुरुजींनी," मी म्हणाले. मामांनी मान हलवली. रागावले नव्हते. बाकावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केस बोटभर उगवले होते, सगळे पांढरे.

"त्या दिवशी सांगायलाच आलो हुतो. पास बंद करून टाकावा म्हटलं. तर तुमीच रडाया लागलासा. माझ्यामुळं झालं का, म्हणून. आता त्यावर मी ती गेली म्हणून कसं सांगणार? तोंडातनं निघालं, आवडलं तिला. आणि निघालं ते निघालं. गाडीत बसल्यावर वाटलं, बरं वाटलं की. आवडलं म्हणती, असं बोललो तवा ती घरात हाय असंच वाटलं. मग पुढच्या टायमाला काय सांगायचं म्हणून पुढची पुस्तकं मीच वाचाय लागलो. एकेक अक्षर लावून. सांजचं अंगणात बसून."

"मामा, 'मीठ' त्यांनी..." मी विचारलं.

"निम्मं झालं हुतं. पुस्तक हातात धरवंना तिला, मीच वाचून दाखवायचो. ताटात मीठ वाढत न्हाई, तिथवर आलो. तिथं रडली. लई रडली. मी म्हटलं, ठेवतो बाजूला. तर हात धरला माझा. म्हणाली, वाचा. ज्यो त्यो मला हसवायला बघतोय. लेक येती ती हसवती, डाक्टर हसवतोय, तुमी हसवताय. रडू कुणी देत न्हाई. त्या पोरीनं आज रडू दिलं. तिला सांगा." मामांनी टोपीची घडी सारखी केली. "दुसऱ्या दिवशी गेली. राहिलेलं मी वाचलं, तिच्या खाटंपाशी बसून. संपलं म्हणून टिकली लावली. तिची असती तशी."

पलीकडच्या वाचन कक्षात कुणीतरी वर्तमानपत्र उलटत होतं.

मग मी नववं पुस्तक उचललं. "हे घेऊन जा, मामा. शेवटचं आहे."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला कुठं वाचायची आवड, बाई? मी इथं येऊन सांगायला वाचत हुतो. आता तुमालाच ठावं हाय म्हटल्यावर सांगू कुणाचं?"

"मग पहिल्यापासून न्या परत. गाढवाचं न्या. तुम्ही ते वाचलेलं नाही. मामींनी वाचलेलं आहे."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला आपलं वय कळलं. "त्यात टिकली हाय. टिकली असलेलं घरात परत आणलं की तिला चालत न्हाई. मागं एकदा चुकून नेलं हुतं तर दोन दिवस बोलली न्हाई."

ते उठले. पास खिशातून काढून माझ्यापुढे ठेवला, काउंटरवर तळहात दोनदा थोपटला आणि जिना उतरून गेले. खाली स्टँडवर साडेबाराच्या गाडीची घोषणा चाललेली मला ऐकू येत होती. पुढे शिमग्यानंतर कांबळे गुरुजींनीच सांगितलं की म्हातारा घर बंद करून मुलीकडे इस्लामपूरला गेला. त्यापुढचं मला माहीत नाही.

रडू दिलं, तिला सांगा. हे वाक्य घेऊन मी छत्तीस वर्षं जगले आहे. कितीदा त्याचा आधार वाटला आणि कितीदा त्याने झोप उडवली. कारण ते वाक्य सांगणारा माणूस तोवर चार महिने बायकोच्या तोंडची वाक्यं रचत होता आणि रचण्यात चांगला तरबेज झाला होता. पहिलंच वाक्य त्याने माझे डोळे पुसायला रचलं होतं. हे शेवटचंही तशातलंच असेल का? मामी खरंच तसं म्हणाल्या असतील? का मी खोटं बोलून एका मरणाऱ्या बाईला रडवलं आणि तिच्या नवऱ्याने मला माफ करण्यासाठी तिच्या तोंडी ते घातलं? डेपोचा प्रश्न मामांचा होता, हे मला ओळखता आलं. हे वाक्य कुणाचं, ते मला ओळखता येत नाही.

त्या दुपारी मी हौसाबाईंचा पास बंद केला नाही. नवव्या पुस्तकाच्या कार्डावर त्यांचं नाव लिहिलं, तारीख टाकली आणि कार्ड ट्रेमध्ये लावून पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. दरवर्षी पुस्तकमोजणी होई तेव्हा इनामदार सर ते कार्ड बघत, माझ्याकडे बघत आणि पुढचं कार्ड काढत. पुढे त्या खुर्चीवर मी बसले, मग निवृत्तही झाले.

अजून कुणी कुणी घरी येतं, काय वाचावं विचारतं. मी अंबपकरांची नावं सांगते. गाढवापासून सुरुवात करा म्हणते. पेठेचं, पाहुण्याचं, नकाशातल्या गावाचं, पोस्टकार्डाचं, शेजाऱ्याच्या स्वप्नाचं सांगते. लग्नात सनईवाला रुसतो आणि वऱ्हाड सात दिवस मांडवात अडकतं, त्या कादंबरीचं सांगताना मला अजून हसू आवरत नाही. 'मीठ' सांगते, पण ते रडवतं हे आधी सांगून देते. परवा एका मुलीने बोटं मोजली आणि म्हणाली, "आजी, नऊ आहेत ना त्यांच्या? तुम्ही आठच सांगितल्यात."

"एक बाहेर गेलंय," मी म्हटलं. "वाचायला नेलंय एकीने. परत आलं की सांगेन."